फोनवरचा डॉक्टर : सोय किती, भरवसा किती?



गेल्या पाच-सहा वर्षांत 'ई-संजीवनी' हा शब्द आपल्या कानावर अनेकदा आला असेल. कुठं उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेला, कुठं आशाताईंच्या तोंडून ऐकलेला, कुठं ग्रामसभेत वाचून दाखवलेला. पारावर यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "नाडी न धरता, पोट न दाबता फोनवर बोलून कुठं आजार बरा होतो का?" दुसरा म्हणतो, "बरं झालं, आता तालुक्याला हेलपाटे घालायला नकोत." दोन्ही मतं अर्धी-अर्धी खरी आहेत. कोणती अर्धी खरी, तेवढं नीट समजून घेतलं तर या सोयीचा फायदा होईल आणि नुकसान टळेल.

कृषी खात्याच्या माणसानं दवाखान्यावर का लिहावं, असं तुम्हाला वाटेल. पण आजारपण हे शेतीच्या ताळेबंदातलं असं कलम आहे की जे वहीत कुणी लिहीत नाही. बियाण्याची पावती असते, खताची असते. ऐन कापणीत घरचा माणूस आठ दिवस अंथरुणावर पडला, त्याची पावती कुठंच नसते. म्हणून या विषयाचा हिशेब शेतकऱ्याच्याच भाषेत मांडतो.

दूरवैद्यक म्हणजे काय?

रुग्ण एका गावी, डॉक्टर दुसऱ्या गावी आणि मध्ये फोन, कॅमेरा किंवा इंटरनेट. या मार्गानं तपासणी, सल्ला आणि औषधाची चिठ्ठी मिळणं, याला टेलिमेडिसिन किंवा दूरवैद्यक म्हणतात. कल्पना काही कालची नाही. हॉलंडमधील लायडन गावी आइन्थोव्हेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९०५ साली दवाखान्यातल्या रुग्णाच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवला होता. म्हणजे गोष्ट सव्वाशे वर्षांच्या घरात गेली.

आपल्या देशात २००० साली आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात अरगोंडा या खेड्यात असं केंद्र सुरू झालं. २००१ पासून इस्रोनं उपग्रहाच्या साहाय्यानं दूरच्या इस्पितळांना मोठ्या इस्पितळांशी जोडायला सुरुवात केली. अंदमानातलं पोर्ट ब्लेअर चेन्नईला जोडलं गेलं, कर्नाटकातलं चामराजनगर बंगळूरला. पण ही सोय इस्पितळापर्यंतच होती. उपग्रहाची तबकडी, खास खोली, खास यंत्रं एवढा पसारा खेड्याच्या उपकेंद्रात मावणारा नव्हता. तुमच्या-आमच्या दारापर्यंत ती आली, ती मोबाइलमुळे.

खरा धक्का दिला तो कोरोनानं. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि डॉक्टरांनी फोनवर औषध द्यावं की नाही, दिलं तर कायद्यात बसतं का, हा प्रश्न उभा राहिला. २५ मार्च २०२० रोजी केंद्रानं दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि त्याच वर्षी १३ एप्रिलला 'ई-संजीवनी ओपीडी' ही घरबसल्या सल्ल्याची सेवा सुरू झाली. ही यंत्रणा मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं तयार केली आहे. ती मोफत आहे.

दोन वाटा, त्यातली आपली कोणती?

ई-संजीवनीच्या दोन वाटा आहेत, आणि त्यातला फरक लक्षात घेतला पाहिजे.

पहिली वाट घरून. आपल्या मोबाइलवर नाव नोंदवायचं, संदेशाने आलेला आकडा टाकायचा, टोकन घ्यायचं, पाळी आली की डॉक्टर समोर दिसतात. बोलणं झालं की औषधाची चिठ्ठी मोबाइलवर येते. ही वाट सोपी, पण चांगला फोन, चांगली रेंज आणि वाचता-लिहिता येणारा माणूस घरात पाहिजे.

दुसरी वाट उपकेंद्रातून. ही २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधीच सुरू झाली. पूर्वीची आरोग्यवर्धिनी केंद्रं, ज्यांना २०२३ च्या अखेरीपासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ते किंवा त्या रुग्णाचा रक्तदाब, ताप, वजन, साखर तपासतात, तक्रार लिहून घेतात, आणि मग जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांना जोडून देतात. डॉक्टर दूर असले तरी त्यांचे हात आणि डोळे उपकेंद्रात रुग्णाजवळ असतात.

माझं स्पष्ट मत असं की खेड्यातल्या माणसासाठी दुसरी वाट कधीही बरी. त्याचं कारण शेतीतल्या उदाहरणानं सांगतो.

पानं पिवळी पडली, एवढंच सांगून चालेल का?

किसान कॉल सेंटर २००४ सालापासून चालू आहे. १८००-१८०-१५५१ हा नंबर तुमच्यापैकी अनेकांनी फिरवला असेल. आता समजा, फोन लावून तुम्ही म्हणालात, "साहेब, सोयाबीनची पानं पिवळी पडलीत, काय मारू?" तिकडचा माणूस कितीही हुशार असला तरी काय सांगणार? पिवळी पानं लोहाच्या कमतरतेनं पडतात, पाणी साचल्यानं पडतात, मुळकुजीनं पडतात आणि विषाणूनंही पडतात. चारही गोष्टींचा इलाज वेगळा. पण तोच फोन तुम्ही असा केलात : "पेरून पस्तीस दिवस झाले, जमीन चुनखडीची, कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, रानात पाणी साचलेलं नाही, अजून फवारणी केली नाही", तर निम्मं निदान तुम्हीच करून दिलंत.

माणसाच्या आजाराचं तसंच. "अंग दुखतंय, कसंतरी होतंय" एवढ्यावर डॉक्टर अंदाजानं गोळी देतील. "तीन दिवस ताप आहे, संध्याकाळी थंडी वाजून येतो, काल एकशे दोन होता, लघवी कमी होतेय, पोरगी गरोदर आहे" असं सांगितलं तर डॉक्टर वेगळा विचार करतील. कदाचित गोळी न देता, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या" असं म्हणतील. उपकेंद्रातली ताई ही माहिती मोजून, तपासून देते. म्हणून दुसरी वाट बरी.

घरून बोलायचं झालंच तर आधी एवढी तयारी करा : त्रास कधीपासून, कुठं, किती, ताप मोजलेला असेल तर किती, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं हाताशी, जुने कागद, रिपोर्ट, कुठल्या औषधाची रिअॅक्शन आली होती का, बाईमाणूस असेल तर गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का. उजेडात बसा. घरातले सगळे एकदम बोलू नका. आणि तंबाखू-दारू काही लपवू नका. रानात काय मारलं ते आम्हाला न सांगता नुसता रोग ओळखा म्हणणारे शेतकरी असतात, तसं डॉक्टरांशी करू नका.

कशाला उपयोगी पडतं?

ज्या आजाराचं निदान एकदा झालेलं आहे आणि फक्त लक्ष ठेवायचं आहे, तिथं ही सोय फार कामाची. रक्तदाब, साखर, थायरॉइड, दमा, मिरगी यांची फेरतपासणी; ऑपरेशननंतरची विचारपूस; रिपोर्ट दाखवणं; कातडीचे रोग; लहान मुलांच्या खाण्यापिण्याचा सल्ला; आणि मनाचे आजार.

याचा पैशातला हिशेब मांडून बघू. समजा, घरच्या आईला रक्तदाब आणि साखर आहे. दर महिन्याला तालुक्याला न्यावं लागतं. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी बरोबर येणाऱ्या मुलाचं पूर्ण तिकीट, त्याचा मोडलेला दिवस, चहापाणी मिळून एका फेरीला ५०० रुपये धरा. वर्षाचे झाले ६,०००. डॉक्टरांनी सांगितलं की तीन महिन्यांतून एकदा समक्ष या, मधल्या वेळी उपकेंद्रात रक्तदाब-साखर मोजून व्हिडिओवर दाखवा, तर बारापैकी आठ फेऱ्या वाचतात. म्हणजे ४,००० रुपये. डीएपीच्या पोत्याचा भाव १,३५० धरला तर जवळजवळ तीन पोत्यांचे पैसे. शिवाय पैसे नाहीत म्हणून किंवा सुगी आहे म्हणून दोन-दोन महिने गोळ्याच बंद ठेवायच्या, हे जे आपल्याकडे सर्रास चालतं, ते थांबलं तर पुढचा लकवा आणि मूत्रपिंडाचा खर्च टळतो. तो तर लाखांत असतो.

दुसरा मोठा उपयोग डॉक्टर ते डॉक्टर. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरला अवघड रुग्ण समोर आला की मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाला विचारता येतं. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी लहान दवाखान्यात काढून तज्ज्ञाला पाठवला, आणि त्यानं काही मिनिटांत "हा हार्ट अॅटॅकच आहे, उपचार सुरू करा, गाडी पाठवा" असं सांगितलं, तर जीव वाचतो. यात रुग्णाला फोनचा स्पर्शही होत नाही, पण माझ्या मते दूरवैद्यकाचा सर्वात मोलाचा उपयोग हाच आहे.

कशाला उपयोगी पडत नाही?

आता दुसरी बाजू. पुढच्या गोष्टींत फोनवर टोकन घेऊन पाळीची वाट बघत बसू नका : छातीत दाबल्यासारखं दुखणं, दम लागणं, एकाएकी तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळा पडणं, बेशुद्धी, झटके, साप चावणं, विषबाधा, मोठा अपघात, बाळंतकळा, गरोदरपणी अंगावर जाणं, तान्ह्या मुलानं दूध सोडणं. इथं एकच फोन, तो १०८ ला. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. जनावर आजारी पडलं की फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२. हे तीनही नंबर गोठ्याच्या आणि घराच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

सापाच्या बाबतीत एक वेगळं सांगतो, कारण रात्री पाणी द्यायला रानात जाणारे आपण आहोत. सापाच्या विषावर उतारा म्हणजे प्रतिविषाचं इंजेक्शन. ते दवाखान्यातच मिळतं. फोनवर एवढाच सल्ला मिळू शकतो की चावलेला अवयव हलवू नका, करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका आणि निघा. तो सल्ला मी इथंच दिला आहे. तेवढ्यासाठी फोनवर वेळ घालवू नका.

फवारणी आणि विषबाधा

२०१७ सालचा यवतमाळ जिल्हा आपण विसरता कामा नये. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. उंच वाढलेली कपाशी, उकाडा, तोंडाला फडकं नाही, दोन-तीन औषधांचं एकत्र मिश्रण, अशी अनेक कारणं तेव्हा पुढं आली.

अशा वेळी फोनची खरी किंमत कळते, पण तो कसा वापरायचा ते माहीत पाहिजे. फवारताना डोकं गरगरलं, लाळ गळू लागली, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढं धूसर झालं, उलटी झाली, तर आधी माणसाला रानातून बाहेर वाऱ्यावर आणा. कपडे काढून अंग साबण-पाण्यानं धुवा. मुद्दाम उलटी करवू नका. १०८ ला फोन करा. आणि निघताना औषधाचा डबा किंवा बाटली बरोबर घ्या. घाईत राहिलीच, तर घरच्या कुणाला तरी लेबलचा स्पष्ट फोटो काढून डॉक्टरांच्या फोनवर पाठवायला सांगा.

हे लेबल म्हणजे डॉक्टरांसाठी लिहिलेली चिठ्ठी आहे. त्यावरच्या चौकोनातला रंग विषाची जात सांगतो : लाल सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. त्याच्या शेजारी औषधातला मूळ घटक आणि विषबाधेवरचा उतारा छापलेला असतो. "कसलं तरी पांढरं औषध होतं" असं सांगितलं तर डॉक्टरांना अंधारात तीर मारावा लागतो, कारण एका प्रकारच्या विषाचा उतारा दुसऱ्याला चालत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा मोफत नंबर १८००-११६-११७ आणि ते चोवीस तास चालू असतं. आपल्या भागातल्या डॉक्टरांना काही शंका आली तर तेही तिथं विचारू शकतात. हा नंबर प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर लावला गेला पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

मनाचं दुखणं

ज्या विषयावर गावात कुणी उघड बोलत नाही, त्यासाठी फोन ही कदाचित सर्वात चांगली वाट आहे. सावकाराचा तगादा, बँकेची नोटीस, पडलेला भाव, मोडलेलं लग्न. माणूस गप्प होतो, जेवण सोडतो, रात्र-रात्र जागा राहतो, बोलता-बोलता "आता काही खरं नाही" म्हणू लागतो. घरचे म्हणतात, होईल बरा. मनोविकारतज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या गावी. तिथं जाताना कुणी पाहिलं तर "याच्या डोक्यात फरक पडला" म्हणतील ही धास्ती.

केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. नंबर सोपा आहे : १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही, पैसे न देता, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे जोडून देतात. पोलीस पाटील, तलाठी, सोसायटीचे सचिव यांना मी हात जोडून सांगतो : वसुलीच्या निमित्तानं तुम्ही घरोघर जाता, कुणाचं घर कसं चाललंय ते तुम्हाला सर्वात आधी दिसतं. अशा माणसाला नुसता नंबर देऊन येऊ नका. शेजारी बसा, आपल्या फोनवरून नंबर लावून द्या आणि मग थोडं बाजूला उभे राहा. आणि घरात कीटकनाशकाचा डबा असेल तर तो कुलपात जाईल एवढं बघा. रागाच्या, निराशेच्या एका क्षणात हाताशी काय आहे, यावर पुष्कळ ठरतं.

नियम काय सांगतात?

मार्गदर्शक तत्त्वांतल्या काही गोष्टी सामान्य माणसाला ठाऊक असायला हव्यात, म्हणजे फसगत होणार नाही.

फोनवर सल्ला देणारा नोंदणीकृत डॉक्टरच असला पाहिजे आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. रुग्ण कोण आणि डॉक्टर कोण, हे दोघांनाही कळलं पाहिजे; निनावी सल्ला चालत नाही. रुग्णाला समक्ष तपासणं जरूर आहे असं डॉक्टरांना वाटलं तर ते फोनवर औषध द्यायला नकार देऊ शकतात. हा त्यांचा अधिकार आहे, त्यांच्यावर चिडू नका. उलट "समक्ष या" म्हणणारा डॉक्टर विश्वासाचा समजा.

औषधांच्या याद्या ठरलेल्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधं नुसत्या बोलण्यावरही देता येतात. काही औषधं पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओवर रुग्णाला बघावं लागतं. काही औषधं जुन्या रुग्णालाच, त्याच आजारासाठी वाढवून देता येतात. आणि गुंगीची, नशेच्या वर्गातली औषधं फोनवर अजिबात देता येत नाहीत. कुणी "फोनवर झोपेच्या कडक गोळ्या पाठवतो" म्हणाला तर तो डॉक्टर नाही, असं खुशाल समजा. संगणकाच्या कृत्रिम बुद्धीनं परस्पर चिठ्ठी लिहिणंही या नियमांत बसत नाही. तिची मदत डॉक्टर घेऊ शकतात, पण औषध लिहिणारा माणूस डॉक्टरच हवा. हल्ली मोबाइलला विचारून गोळ्या घेणारी पोरं गावोगाव दिसतात, त्यांना हे सांगा.

आणखी एक. सेवेत नाव नोंदवताना जो आकडा संदेशाने येतो, तो आपण स्वतः टाकायचा. "मी आरोग्य खात्यातून बोलतोय, आलेला नंबर सांगा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. ई-संजीवनीला फी नाही, त्यामुळे कुणी पैसे मागितले की ओळखा.

आकडे मोठे, पण दवाखाना कुठं आहे?

सरकारी आकडे बघितले तर छाती फुगते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीवरचे सल्ले १० कोटींवर गेले होते. एप्रिल २०२५ पर्यंत ते ३६ कोटींच्या वर गेले.  पण आम्ही खात्यातली माणसं आकड्यांची भाषा जाणतो. किती शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिलं हा एक आकडा, आणि किती जणांचं उत्पन्न वाढलं हा दुसरा. किती सल्ले झाले हे कळलं. किती जणांना ती औषधं मिळाली आणि किती बरे झाले, हे त्या आकड्यात नसतं.

औषधाचीच गोष्ट घ्या. चिठ्ठी मोबाइलवर येते, गोळी येत नाही. उपकेंद्राच्या कपाटात ती गोळी नसेल तर माणसाला तालुक्याच्या मेडिकलवर जावंच लागतं, मग हेलपाटा वाचला कुठं? कृषी सेवा केंद्रात आपण सांगितलेलं औषध नसलं की दुकानदार म्हणतो, "हे न्या, तेच आहे." इथंही तीच भीती. म्हणून सोयीचा खरा कस कॅमेऱ्यावर लागत नाही, औषधाच्या कपाटावर लागतो.

दुसरी अडचण आपल्या मनातली. सुई टोचल्याशिवाय आणि सलाइन चढवल्याशिवाय आपल्याला बरं झाल्यासारखं वाटत नाही. फोनवरचा डॉक्टर सुई देऊ शकत नाही. म्हणून माणूस त्याच्याशी बोलतो आणि संध्याकाळी गावातल्या कुणाकडून तरी सुई घेऊन येतो. दोन्हीकडची औषधं पोटात एकत्र होतात. यवतमाळात मिश्रणानं काय केलं ते आत्ताच वाचलंत.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य अहवालाप्रमाणे देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानानं विशेषज्ञ डॉक्टर सुमारे ८० टक्क्यांनी कमी आहेत. म्हणजे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन मिळून पाच पाहिजेत तिथं एक. दूरवैद्यकानं डॉक्टर वाढत नाहीत, आहे तोच डॉक्टर जास्त गावांना वाटून मिळतो. पाटाला टेल टू हेड पाणी द्यायची पद्धत आणली म्हणून धरणात पाणी वाढत नाही; वाटप सुधारतं एवढंच. वाटप सुधारणं चांगलंच आहे. पण "आता फोनवर डॉक्टर आहे, जागा भरायची काय घाई" असं कुणी म्हणू लागलं तर ती सोय आपल्याच गळ्याला लागेल. अडलेली बाळंतीण कॅमेऱ्यावर सोडवता येत नाही. तिला भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशनचं टेबलच लागतं.

तमिळनाडूचा धडा

ही सोय नीट चालू शकते, याचं उदाहरण डोळ्यांच्या बाबतीत आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं २००४ च्या सुमारास थेनी भागापासून सुरुवात करून लहान-लहान गावांत दृष्टी केंद्रं उघडली. आज ती शंभरावर आहेत. केंद्रात डॉक्टर नसतो. खेड्यातल्याच शिकवून तयार केलेल्या मुली डोळे तपासतात, यंत्रावर पडद्याचे फोटो काढतात आणि मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर ते बघून रुग्णाशी बोलतो. चष्म्याचं, साध्या दुखण्याचं काम तिथंच उरकतं. ज्याला ऑपरेशन लागतं त्यालाच पुढं पाठवतात.

यात शिकण्यासारखं तीन गोष्टींत आहे. गावात बसणारा माणूस नीट शिकवलेला आणि कायमचा आहे. यंत्र एका ठरावीक कामाचं आहे. आणि ज्याला पुढं पाठवायचं त्याच्यासाठी पुढचं दार उघडं आहे. या तिन्हींतलं एक जरी नसलं तर संगणकावर धूळ बसायला वेळ लागत नाही.

गावकारभाऱ्यांनी काय करावं?

सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि सदस्य मंडळींनी पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. कामं मोठी नाहीत.

१. उपकेंद्रात वीज किती तास असते आणि नेट चालतं का, ते स्वतः जाऊन बघा. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची तार आली असेल तर ती उपकेंद्रापर्यंत नेता येईल का, गट विकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा. इन्व्हर्टर किंवा सौर दिव्याची तजवीज ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरा.

२. रुग्ण आणि डॉक्टर बोलताना दार लावता येईल अशी जागा करा. निदान पडदा तरी लावा. चार माणसं मागं उभी असताना बाई आपलं दुखणं सांगत नाही. घरचा फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो, म्हणून बायकांसाठी उपकेंद्रच सोयीचं. आठवड्यातली एक दुपार त्यांच्यासाठी राखून ठेवता येईल का, ताईंशी बोला.

३. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या सभेत महिन्याला तीनच प्रश्न विचारा : किती जणांनी सल्ला घेतला, किती जणांना लिहिलेलं औषध उपकेंद्रातच मिळालं, आणि किती जणांना पुढं पाठवलं ते खरोखर पोचले का. उत्तरं इतिवृत्तात लिहा.

४. ज्या औषधांचा तुटवडा दिसेल त्यांची नावं लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा, पोच घ्या.

५. रिकाम्या जागांचा ठराव ग्रामसभेत करा. "फोनची सोय चांगली आहे, ती चालू राहावी, आणि मंजूर पदं भरावीत" अशी दोन्ही वाक्यं एकाच ठरावात असू द्या, म्हणजे एकाच्या आडून दुसरं निसटणार नाही.

६. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी आम्हाला आणि आरोग्य सेवकांना एकत्र बोलवा. पिकावरच्या औषधाचं आम्ही सांगू, माणसावरच्या उताऱ्याचं ते सांगतील. दोन खाती एका पारावर बसली तर एका दुपारचं काम आहे.

शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठी एकच काम सांगतो. या आठवड्यात कधीही, कुणी आजारी नसताना, उपकेंद्रात जाऊन या. समुदाय आरोग्य अधिकारी कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत असतात ते विचारा. घरच्या म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब मोजून घ्या, जुने कागद दाखवून त्यांची नोंद करून घ्या. पेरणीची वेळ आली म्हणजे आपण बियाणं शोधायला निघत नाही, आधीच आणून ठेवतो. दवाखान्याची ओळखही तशीच आधी करून ठेवलेली बरी.